विणारी गाय आणि कॅल्शियमचा हिशेब

तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दूध देणारी गाय सुखरूप विते. वासरू उभे राहते, कासेत चीक दाटतो आणि घरातील मंडळी निर्धास्त होतात. दुसऱ्या दिवशी तीच गाय गोठ्यात बसलेली आढळते. तिला उठता येत नाही. मान वळवून ती कुशीवर टेकवते, कान थंडगार लागतात. वेळीच उपचार न झाल्यास ती काही तासांत दगावू शकते. या विकारास दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवे आहे, कारण यात ताप नसतो. उलट अंग निवत जाते. दुधाळ म्हशींनाही तो होतो.

विकाराचे मूळ रक्तातील कॅल्शियमच्या तुटीत आहे. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी अवघे तीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर चिकाच्या एका लिटरमधून सुमारे दोन ग्रॅम बाहेर जाते. दहा लिटर चीक देणाऱ्या गाईची निकड यावरून कळेल. हाडांत कॅल्शियम किलोंनी मोजावे इतके असते. परंतु परावटू ग्रंथीच्या स्रावाने ही तिजोरी उघडण्यास एक-दोन दिवस लागतात. वय वाढेल तसा हा विलंबही वाढतो. इकडे कॅल्शियमवाचून स्नायू चालत नाहीत, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे.

डेन्मार्कमधील पशुवैद्य श्मिट यांची समजूत अशी होती की, कासेत विष तयार होते. १८९७ मध्ये त्यांनी सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण आत सोडण्याचा उपाय प्रसिद्ध केला आणि गाई बऱ्या होऊ लागल्या! पुढे कासेत नुसती हवा भरूनही तोच गुण आला. कल्पना चुकीची, उपाय मात्र खरा. फुगलेल्या कासेत दूध उतरेनासे होई व कॅल्शियमची गळती थांबे. १९२५ मध्ये एडिंबरो येथील ड्रायर व ग्रेग यांनी कॅल्शियमच्या तुटीचे कारण पुढे मांडले. आता शिरेवाटे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देतात आणि बसलेली गाय पुष्कळदा थोड्याच वेळात उठते. हे काम पशुवैद्याचेच होय. द्रावण घाईने सोडल्यास हृदय बंद पडण्याचा धोका असतो. अशा गाईच्या तोंडात औषध ओतणेही घातक. गिळता न आल्याने ते फुप्फुसांत जाते.

मग विण्यापूर्वीच भरपूर कॅल्शियम चारावे, असे कोणासही वाटेल. येथेच गोम आहे. कॅलिफोर्नियातील बोडा व कोल यांनी १९५४ मध्ये दाखविले की, विण्यापूर्वी कमी कॅल्शियमचा आहार घेतलेल्या गाईंना हा विकार कमी होतो. बाहेरून मुबलक मिळू लागले की परावटू ग्रंथी सुस्तावते. बरसीम व लसूणघास हा एरवी उत्तम चारा. पण त्यांत कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही विपुल असते. पोटॅशियमने रक्ताची अल्कता वाढते व हाडे ग्रंथीच्या स्रावास दाद देईनाशी होतात. म्हणून अखेरच्या तीन आठवड्यांत हा चारा आखडून मका, ज्वारीचा कडबा, वाळलेले गवत आणि बेताचा खुराक द्यावा. गाईला उपाशी मात्र ठेवू नये. मोठ्या गोठ्यांत याच काळात रक्त किंचित आम्लधर्मी करणारे क्षारही खुराकात मिसळतात. ते चवीला वाईट असल्याने गाई नाक मुरडतात. कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रणाचा डबा उघडावयाचा तो गाय विण्याच्या दिवशी.