‘विंडोज.ओल्ड’ डिलीट का होत नाही?
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट थांबली. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावकडे ज्यांनी त्याच संगणकावर विंडोज ११ चढवले, त्यांच्या सी ड्राइव्हवर काही दिवस ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर दिसतो. कित्येक जीबी जागा अडते, आणि डिलीट दाबले की परवानगी नाकारली जाते.

एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था प्रत्येक फाइलीसोबत मालकाची नोंद ठेवते. सातबाऱ्यावर नाव नसेल तर ताबा असूनही जमीन विकता येत नाही, तसेच हे. विंडोज व्हिस्टापासून बहुतेक सिस्टिम फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच सेवेकडे असते, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडेही नाही. मला हे बंधन योग्यच वाटते. चुकून झालेली एक डिलीट अख्खा संगणक बंद पाडू शकते.

म्हणून ‘विंडोज.ओल्ड’ काढायला सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असे जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करा आणि काढा. साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच तो फोल्डर काढते. तोवर जुन्या आवृत्तीकडे परतता येते.

जुन्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली की गुंता वाढतो. मालक तिथे लांबलचक क्रमांकाने नोंदलेला असतो आणि नवी विंडोज तो ओळखत नाही. मग प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मालकी स्वतःकडे घेऊन पूर्ण परवानगी द्यावी लागते. पण काहीही डिलीट करण्याआधी ‘युजर्स’ फोल्डर उघडून पाहाच. घरचे फोटो, टोमॅटोच्या पट्ट्या, सोसायटीचे कागद तिथेच असतात.

चालू विंडोजमधल्या ‘विनएसएक्सएस’ या सिस्टिम फोल्डरला मात्र हात लावू नका. एकच फाइल दोन ठिकाणी मोजली गेल्याने तो प्रत्यक्षाहून मोठा दिसतो.