सायकलच्या मागचा ट्रेलर हेलकावे का खातो, आणि ते कमी कसे करायचे?

आजचा भाग सायकलच्या मागे जोडायच्या मालाच्या ट्रेलरबद्दल आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

०:४० | विषय कुठून निघाला

आमचं शेत एरंडोलहून पद्मालयाच्या रस्त्याला, चारेक किलोमीटरवर. अप्पा, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं तिथे सायकलनेच जातात. काळी २२ इंची सायकल. मोटरसायकल शिकले नाहीत आणि आता शिकायचं नाही म्हणतात. भाजीचा तोडा असला की हँडलला दोन पिशव्या, कॅरिअरवर गोणी, आणि तोल सांभाळत बाजार. हिवाळ्यात भरताची वांगी निघतात तेव्हा दोन-दोन फेऱ्या. मी घरून काम करायला गावी आलो आणि ते बघवेना. म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत, एक ट्रेलर बनवून टाकू.

चौकोनी पाइपची चौकट वेल्डिंग करून घेतली, लहान मुलांच्या सायकलची दोन २० इंची चाकं लावली, वर प्लायवूड. पहिल्याच आठवड्यात अप्पा ४० किलो वांगी घेऊन निघाले, मी मागे मोटरसायकलवर. सपाटीवर सगळं छान. मग उतार लागला, वेग वाढला आणि ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागलं. पहिला झोका वीतभर, दुसरा हातभर, तिसऱ्याला सायकलचं मागचं चाकच बाजूला ओढलं गेलं. अप्पा रस्त्याच्या कडेला पडले. कोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. पण पाच-सात सेकंदांत बाजूने एसटी गेली. ती एसटी मला अजून दिसते.

अप्पा उठले, कपडे झटकले, वांगी गोळा करता करता ट्रेलरकडे बघून एवढंच म्हणाले, “तुनी गाडी उलार शे.” दुसऱ्या दिवसापासून परत हँडलला पिशव्या.

२:२० | उलार म्हणजे काय

बैलगाडी ज्यांनी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत माल मागे जास्त झाला की मागची बाजू दबते आणि पुढचं जू वर उचलतं. बैलांच्या गळ्याचा पट्टा आवळतो. अशी गाडी उलार. माल फार पुढे घेतला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर. म्हणून जाणता गाडीवान माल असा रचतो, की थोडासा भार जूवर राहील, पण थोडासाच.

सायकलच्या ट्रेलरला हाच नियम लागू होतो. मी क्रेट अगदी मागे ठेवले होते, कारण तिथून उतरवायला सोपे! आता हिशेब बघा, शाळेतल्या तरफेचाच आहे. माझ्या ट्रेलरच्या एक्सलपासून सायकलच्या जोडापर्यंतचं अंतर ११० सेंटीमीटर. माल ४० किलो. मालाचा मध्य एक्सलच्या १५ सेंटीमीटर मागे असेल, तर ४० गुणिले १५ भागिले ११०, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा जोर सायकलचं मागचं चाक वर उचलायला बघतो. ज्या चाकाने रस्ता घट्ट धरायचा तेच हलकं होतं.

साधारण नियम असा, की एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार जोडावर पडावा. ४० किलोला ४ किलो. त्यासाठी मालाचा मध्य एक्सलच्या पुढे फक्त ११ सेंटीमीटर हवा. (इथे रिकामा ट्रेलर एक्सलवर समतोल आहे असं धरलंय.) मोजायचं कसं? ट्रेलर भरा, सायकलपासून सोडवा, दांड्याचं टोक जोडाच्या उंचीला धरून बॅगा तोलायच्या हुकच्या काट्याला लटकवा. काट्यावर ४ दिसले की झालं. दहा टक्क्यांच्या फार वरही जाऊ नका, मागच्या चाकाचे स्पोक आणि एक्सल विनाकारण भार सोसतात.

४:०० | झोका वाढतो का

ट्रेलर एका टोकाला जोडलेला लंबक आहे. खड्डा, वारा, पायडलचा धक्का, कशानेही तो थोडा वाकडा होतो. तेव्हा त्याची चाकं रस्त्यावर किंचित आडवी घासतात आणि ते घासणं त्याला परत रेषेत ओढतं. बॅडमिंटनच्या फुलासारखं समजा: जड बूच पुढे, पिसं मागे, म्हणून ते सरळ जातं. ट्रेलरमध्ये माल म्हणजे बूच आणि चाकं म्हणजे पिसं. जड भाग चाकांच्या मागे गेला, की तोच झोक्याला आणखी बाहेर फेकतो.

दुसरी गोष्ट वेग. चाकांचं हे आवर घालणं वेग वाढेल तसं कमी पडत जातं. हळू चालताना झोका दोन हेलकाव्यांत विरतो. वेग वाढला की चार, मग आठ. आणि एका वेगाच्या पुढे तो विरतच नाही, वाढत जातो. म्हणूनच अप्पांना सपाटीवर काही जाणवलं नाही आणि उतारावर सगळं हातातून गेलं. लोक म्हणतात ‘अचानक झालं’. खरं तर ट्रेलर आधीपासूनच बिघडलेला असतो, उतारावर ते उघडं पडतं.

यातून तीन गोष्टी निघतात. दांडा लांब असला तर ट्रेलर शांत चालतो. माल जितका जास्त तितका धोक्याचा वेग खाली येतो. आणि वजन दोन टोकांना विभागू नका. एक क्रेट पुढच्या टोकाला, एक मागच्या, असं ठेवून काट्यावर ४ किलो बरोबर येईलही, पण झोका सुरू झाला की तो थांबवायला जड जातो. वजनदार वस्तू एक्सलच्या जवळ, किंचित पुढे, आणि खाली ठेवा. हलकी मेथी-कोथिंबीर टोकांना चालेल. शिवाय माल बांधा. सरकता माल म्हणजे वाटेत बदलणारा हिशेब.

६:०० | जोड कसा असावा

सायकल आणि ट्रेलर यांच्यामधल्या सांध्याला तीन प्रकारे फिरता आलं पाहिजे. वळणासाठी डावी-उजवीकडे. गतिरोधकासाठी वर-खाली. तिसरा प्रकार बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो: सायकल वळताना कलते, पण दोन चाकांचा ट्रेलर सपाटच राहतो. म्हणजे जोडाला स्वतःभोवती पिळताही आलं पाहिजे. नुसता उभा बोल्ट घालून जोडलंत तर प्रत्येक कलण्याला ट्रेलर सायकलशी भांडतो.

मी नंतर जाड हायड्रॉलिक होज पाइपचा बोटभर लांब तुकडा वापरला, दोन्ही टोकांना क्लॅम्प. तो तिन्ही बाजूंनी वाकतो, आणि रबर असल्याने पायडलचे झटकेही गिळतो. पण लांब तुकडा नको, तो स्वतःच डुलायला लागतो. आणि एक नियम मोडायचा नाही: सोबत एक मजबूत पट्टा, दांड्यापासून सायकलच्या फ्रेमला. रबर फाटलं तरी ट्रेलर सुटून रस्त्यावर जाता कामा नये.

जोड लावायचा कुठे? सीटच्या दांड्याला लावणं सोपं, पण तो उंच पडतो. ब्रेक मारताना मागून माल ढकलतो तो कमरेच्या उंचीवर, आणि वळणात असाल तर सायकल आडवी करायला बघतो. मागच्या एक्सलजवळचा खालचा जोड चांगला. उजवीकडे चेन असते, म्हणून डावीकडे एक्सलच्या नटाखाली जाड पट्टी बसवायची आणि दांड्याला बाक देऊन चाक मोकळं ठेवायचं. पट्टी बसवल्यावर नटाला पूर्ण आटे मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर लांब एक्सल टाका. सायकलच्या फ्रेमला थेट वेल्डिंग करू नका, उष्णतेने पाइप तिथेच कमकुवत होतो.

८:०० | एका वेळी एकच बदल

कोडमध्ये बग शोधताना आपण पाच गोष्टी एकदम बदलत नाही ना? इथेही तसंच. मी क्रमाने तपासत गेलो.

एक, माल पुढे घेतला. अर्ध्याहून जास्त त्रास इथेच गेला.
दोन, जोडातला खुळखुळाट. हाताने हलवून ‘टक’ आवाज येत असेल तर प्रत्येक झोक्याला तेवढी मोकळी जागा मिळते. नट आवळले, वायसर घातले.
तीन, चाकं. सायकलवाल्याकडून दोन्हींचा आउट काढून घेतला, कोन घट्ट केले. मग दोन्ही टायरमधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजलं. ते सारखं हवं. माझ्याकडे एक चाक तिरकं बसलं होतं, ते सतत ट्रेलरला एका बाजूला ओढत होतं.
चार, हवा. दोन्ही टायरमध्ये सारखी. एकात कमी असेल तर ट्रेलर त्या बाजूला ओढला जातो.
पाच, पायडल. उभं राहून जोर लावला की सायकल डोलते. ती लय आणि ट्रेलरची लय जुळली, तर पाळण्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. बसून, एकसारखं पायडल मारा.

प्रत्येक बदलानंतर वांग्यांऐवजी वाळूच्या पिशव्या भरून मी स्वतः मोकळ्या रस्त्यावर चालवून बघितलं. पहिली चाचणी अप्पांवर केली, ती माझी खरी चूक.

९:१० | थांबणं आणि वाचणं

ट्रेलर लावला की थांबायला जास्त अंतर लागतं, कारण ब्रेक तेच आणि वजन वाढलेलं. आपल्याच महाराष्ट्रात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा सुधारली, तेव्हा गिअरच्या जोडीने मागच्या चाकांच्या ब्रेककडेही लक्ष दिलं होतं. ओझं ओढणं जितकं महत्त्वाचं तितकंच ते थांबवणं. म्हणून ब्रेकचे रबर नवे घाला आणि उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. आमच्या घरी आता नियम आहे: भरलेला ट्रेलर १५ च्या पुढे नाही.

तरीही झोका सुरू झालाच तर? पायडल थांबवा, हँडल सरळ धरा, मागचा ब्रेक हलकेच लावा. पुढचा ब्रेक करकचून दाबू नका आणि हँडल उलट फिरवून झोका मारायला जाऊ नका, आपण नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि तो वाढवतो. महामार्ग ५३ सारख्या रस्त्यावर तर ट्रेलर नेऊच नका. आतल्या रस्त्यांवरही मागे लाल रिफ्लेक्टर आणि उंच काठीला झेंडी हवीच, कारण ट्रेलर ट्रकवाल्याच्या नजरेच्या फार खाली असतो.

१०:३० | शेवटी

दुरुस्त ट्रेलर महिनाभर भिंतीला टेकून उभा होता. मी आग्रह केला नाही. एका सकाळी अप्पांनीच तो जोडला, क्रेट ठेवले, दांड्याचं टोक दोन बोटांनी उचलून बघितलं, एक क्रेट चार बोटं मागे सरकवला आणि निघाले. मी नंतर गुपचूप काट्यावर त्यांची रचना मोजली. सव्वाचार किलो.

उतार संपल्यावर त्यांनी मागे वळून सांगितलं, “आते बरी शे.” बोटांनी भार ओळखायला मलाही शिकायचंय. तोवर काटा आहेच.

तुम्हीही बनवणार असाल तर आधी काटा घ्या, आणि घरात कुणी बैलगाडी हाकलेलं असेल तर ट्रेलर त्यांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!