'चूक' कोणाची?

बालमित्रांनो, बरोबर उत्तर लिहूनही बाईंनी त्यावर फुली मारली, तर कसं वाटेल तुम्हांला? आमच्या चौथीच्या वर्गात एकदा अस्संच झालं. आणि फुली मारणारी बाई होते मीच!

मी घरच्या संगणकावर वर्गासाठी छोटीशी प्रश्नमंजुषा तयार केली होती. घरी ती झकास चालली. मग शाळेतल्या संगणकावर लावली. 'शिवरायांचा राज्याभिषेक कोणत्या साली झाला?' एका मुलीनं लिहिलं, '१६७४'. पडद्यावर उमटलं, 'चूक'! बिचारीनं ते पुसून '१६३०' लिहिलं. तेही 'चूक'! "बाई, मला काहीच येत नाही," असं म्हणून ती रडवेली झाली.

मग काय, मी बसले शोधायला.

लिनक्सच्या संगणकात आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून पाळणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला म्हणतात 'शेल', म्हणजे कवच. आज्ञा ओळीनं लिहून ठेवल्या की झाली 'शेल स्क्रिप्ट'. पण शेल काही एकच नसतं, बरं का! 'बॅश' हे शेल १९८९ साली आलं. 'डॅश' हे त्याहून लहान आणि चपळ. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून उबुंटू या लिनक्सनं २००६ साली 'एसएच' या नावानं चालणारं शेल बदललं. बॅशच्या जागी डॅश आलं.

दोन शब्द सारखे आहेत का, हे विचारायला शेलच्या प्रमाण नियमांत बरोबरचं एकच चिन्ह आहे: =. बॅशला दोन चिन्हं (==) लिहिलेलीही चालतात. मी सवयीनं दोन लिहिली होती. घरी होतं बॅश, त्यानं समजून घेतलं. शाळेत होतं डॅश. त्याला काही कळेना. त्यानं इंग्रजीत एक तक्रार छापली, पण ते थांबलं मात्र नाही! खरी मेख इथंच आहे. तुलना जमली नाही, म्हणजे उत्तर 'नाही', असं धरून ते पुढं गेलं. आणि 'नाही' आलं तर काय दाखवायचं, म्हणून मी लिहिलं होतं, 'चूक'!

घरच्या माणसांना आपलं बोबडं बोलणंही कळतं. परगावी मात्र स्पष्टच बोलावं लागतं, नाही का? मी ती ओळ अशी सुधारली:

[ "$उत्तर" = "१६७४" ]

('उत्तर' हे नाव स्क्रिप्टमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहायचं.)

आता यातल्या खुणा नीट पाहा. चिन्ह एकच. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. ती सोडली नाही, तर शेल सगळं मिळून एकच शब्द समजतं, आणि रिकामा नसलेला शब्द त्याच्या लेखी नेहमी 'खरा'. मग काहीही लिहा, सगळेच पास! अवतरणचिन्हंही हवीतच. कोणी काहीच न लिहिता एंटर दाबलं, तर त्यांच्याशिवाय डावी बाजू गायबच होते आणि पुन्हा गोंधळ.

आणखी एक गंमत. हे चिन्ह फक्त अक्षरं जुळवून बघतं, किंमत नाही. म्हणून '७' आणि '०७' त्याला वेगळे वाटतात. संख्यांची किंमत ताडून पाहायची असेल, तर अंक इंग्रजीत लिहून '=' ऐवजी '-ईक्यू' वापरायचं. अर्थात, तेही इंग्रजी अक्षरांतच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलीला पुन्हा बसवलं. तिनं भीतभीत '१६७४' लिहिलं. 'बरोबर!' काय खुलली तिची कळी!

पालकांनो, तुमच्या घरी लिनक्स असेल, तर मुलांबरोबर ही एक ओळ दोन्ही शेलांत जरूर चालवून बघा. आणि बालमित्रांनो, यंत्र 'चूक' म्हणालं, म्हणून आपलं बरोबर उत्तर लगेच पुसू नका. आधी पुस्तक उघडून खात्री करा. मग खुश्शाल विचारा, "बाई, तुमचं तर काही चुकलं नाही ना?"