हातचा कुठं ठेवायचा?

दोस्तांनो, सत्तावीस अधिक पंधरा करा बरं! सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. तुम्ही हे दुसरीपासून म्हणत आलात आणि मी ते बारा वर्षं वर्गात शिकवते आहे. एके दिवशी तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपण हातचा बोटावर धरतो. कॅल्क्युलेटरला तर बोटंच नाहीत. तो कुठं ठेवतो हो?"

"उद्या सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं. माझं शिक्षण बारावी आणि डी.एड. तो 'उद्या' उजाडायला चार महिने लागले!

रद्दीच्या दुकानात मला मॉरिस मानो यांचं 'डिजिटल डिझाइन' सापडलं. इंजिनिअरिंगची मुलं वाचतात ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. पहिलं प्रकरण बरं गेलं. त्यात द्विमान पद्धती होती, म्हणजे ० आणि १ एवढ्या दोनच अंकांत सगळं लिहायचं. दोन म्हणजे १०, तीन म्हणजे ११, चार म्हणजे १००.

दुसऱ्या प्रकरणात मात्र ठेच लागली. तिथं चक्क छापलं होतं, १ + १ = १. पहिलीतल्या पोरानं असं लिहिलं तर मी फुली मारते! दोन दिवस पुस्तक मिटूनच ठेवलं. मग कळलं, की ते चिन्ह इथं बेरजेचं नाहीच, ते 'किंवा' आहे. 'छत्री किंवा रेनकोट असेल तर शाळेत या.' एक असो, दोन्ही असोत, उत्तर एकच: या! गुणाकाराची खूण म्हणजे 'आणि'. डबा आणि दप्तर दोन्ही घेतलं तरच निघायचं.

हे असलं गणित काढलं कुणी? जॉर्ज बूल यांनी. १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी चांभाराच्या घरी जन्मलेला मुलगा. घर चालवायला सोळाव्या वर्षी शाळामास्तर झाला. कॉलेजची पदवी नाही. तरी पुढं आयर्लंडमध्ये कॉर्क इथं गणिताचा प्राध्यापक झाला आणि १८५४ साली विचारांच्या नियमांवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. शाळामास्तर म्हटल्यावर माझी कॉलर थोडी ताठ झाली, बरं का! विजेच्या बटणांना हेच गणित लागू पडतं, हे अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवलं.

तिसऱ्या प्रकरणात 'कार्नो मॅप' नावाचे चौकोन आहेत. त्यांचे रकाने ००, ०१, ११, १० असे. मला वाटलं छापण्यातली चूक, म्हणून पेन्सिलीनं 'दुरुस्त' करून टाकली! शेजारच्या रकान्यांत एकच अंक बदलला पाहिजे म्हणून तो क्रम मुद्दाम तसा असतो. सगळं खोडताना खोडरबर निम्मं झालं.

आणि चौथ्या प्रकरणात तो भेटला, आपला हातचा! पुस्तकात त्याला 'कॅरी' म्हणतात. एकेक अंकाच्या बेरजा चारच होतात, त्या वहीत लिहून पाहा:

० + ० = ००
० + १ = ०१
१ + ० = ०१
१ + १ = १०

डावीकडचा अंक हातचा. तो १ कधी होतो? दोन्ही १ असतील तेव्हाच, म्हणजे हा आपला 'आणि'. उजवीकडचा अंक १ होतो तो दोन्ही आकडे वेगळे असताना. याला 'एक्स-ऑर' म्हणतात. तो तुमच्या ओळखीचाच आहे. जिन्यातला दिवा खालूनही लागतो आणि वरूनही विझतो ना? दोन्ही बटणं सारखी असली की दिवा बंद, वेगळी असली की चालू. (जोडणी उलटी असेल तर उलट.) 'आणि' एक, 'एक्स-ऑर' एक. झाला 'हाफ ॲडर'.

मग मी ७४०८ आणि ७४८६ या दोन आयसी, ब्रेडबोर्ड आणि दोन एलईडी आणले. वीज घेतली ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरची. घरातल्या प्लगशी असले खेळ कधीही करायचे नाहीत! १ हवा असेल तर तार ५ व्होल्टला लावायची, ० हवा असेल तर काढून घ्यायची, असं माझं साधं गणित. दोन्ही तारा काढल्या. तर हातचा लागला! एक लावली, तरी हातचा. दोन्ही लावल्या, तरी हातचा. माझ्या यंत्राचं म्हणणं, शून्य अधिक शून्य बरोबर दोन. आयसी बदलल्या, वायरी बदलल्या, रात्रीचे साडेबारा झाले, रडायचीच बाकी होते.

चूक माझ्या शून्यात होती. या जातीच्या आयसीला लोंबकळणारी तार १ वाटते. ० सांगायचं तर ती तार ग्राउंडला नेऊन जोडावीच लागते. मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलेय, शून्य म्हणजे काही नाही! जोडणी बदलली आणि चारही बेरजा बरोबर आल्या.

दुसऱ्या दिवशी ते सगळं शाळेत नेलं. त्या मुलीनं दोन्ही तारा १ वर लावल्या. डावा दिवा लागला.

"हा बघ हातचा."

ती बघत राहिली. "म्हणजे तो कुठं ठेवतच नाही, बाई! तारेतून पुढं पाठवतो."

मी कौतुक करणार, तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. "पण पुढच्या घरात आधीच दोन आकडे असणार. हातचा धरून तीन झाले. याला तर दोनच तारा आहेत."

'हाफ' का म्हणतात ते मला तेव्हा नीट कळलं. 'फुल ॲडर' पुस्तकात लगेच पुढं आहे. त्याला दोन हाफ ॲडर आणि एक 'किंवा' लागतो. एकेका आयसीत चार-चार गेट असतात, त्यामुळे जुन्या दोन पुरतील. ७४३२ तेवढी आणायची आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जाणार आहे.