संगणक उशिरां कां जागा होतो ?

घरांतील एखादें माणूस सकाळीं उशिरां उठूं लागलें, तर त्याच्यावर लगेच औषधांचा मारा करावा असें कोणीही शहाणा गृहस्थ म्हणणार नाहीं. रात्रीं झोंप लागली कीं नाहीं, अंगांत ताप आहे काय, कामाचा भार वाढला आहे काय, याची तो आधीं विचारपूस करील. घरांतील संगणकाच्या वांट्याला ही विचारपूस क्वचितच येते. तो सुरू व्हावयास पांचसात मिनिटें घेऊं लागला, कीं दोनच उपाय कानीं पडतात : ‘फॉरमॅट मारा’ किंवा ‘नवा घ्या.’ पहिल्या उपायांत घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें पुसलीं जाण्याचें भय असतें, दुसऱ्यांत पैसा जातो; आणि पुष्कळदां या दोहोंचीही गरज नसते.

बुलढाणा जिल्ह्यांतील कुटुंबांच्या दृष्टीनें हा प्रश्न आतां निव्वळ सोयीचा राहिलेला नाहीं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा संगणकावर मिळूं लागला. अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील घरांत असलेल्या संगणकांपैकीं कांहीं तर २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां घाईनें घेतलेले. अर्जाच्या शेवटच्या दिवशीं असा संगणक पडद्यावर नुसतीच गोल टिंबें फिरवीत बसला, तर मुलाचा जीव टांगणीला लागतो आणि घरांतील मंडळींचाही.

उशीर म्हणजे रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे. आणि तो कोठें होतो हें कळलें कीं निम्मी परीक्षा झाली. बुलढाणा शहराला रेल्वेचें स्टेशन नाहीं. मुंबईहून येणारा प्रवासी मलकापुरास उतरतो आणि तेथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून शहरांत पोहोंचतो. त्याला यावयास उशीर झाला, तर गाडीच उशिरां आली, कीं मलकापुरास बस चुकली, कीं घाटांत खोळंबा झाला, हें विचारल्याशिवाय कोणालाच दोष देतां येत नाहीं. संगणकाचा प्रवासही असाच तीन टप्प्यांचा असतो. बटण दाबल्यापासून विंडोजची खूण दिसेपर्यंत पहिला. खूण दिसल्यापासून डेस्कटॉप समोर येईपर्यंत दुसरा. आणि डेस्कटॉप आल्यापासून हातीं घेतलेलें काम खरोखर सुरू होईपर्यंत तिसरा. समोर घड्याळ ठेवून सलग तीन दिवस या तिन्ही वेळा कागदावर टिपल्या, तर उशिराची जागा आपोआप उघडी पडते. संकेतशब्द लिहिण्यांत गेलेला वेळ तेवढा वजा करावा.

मोजणीपूर्वीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१२ सालीं विंडोजची ८ वी आवृत्ति निघाली, तेव्हांपासून बहुतेक संगणक ‘शट डाउन’ म्हटल्यावर पुरते विसावत नाहींत. प्रणालीच्या गाभ्याची स्थिति ते डिस्कवर लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळीं तीच परत वाचतात. आरंभ लवकर व्हावा, हा त्यांतील हेतु. पण त्यामुळें कालची गुंतागुंतही कधीं कधीं जशीच्या तशी उठून बसते. ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर मात्र सर्व मांडणी नव्यानें होते. म्हणून पहिला बिनखर्ची उपाय हाच : संगणक ‘शट डाउन’ न करतां ‘रीस्टार्ट’ करून पाहावा. कित्येकदां तेवढ्यानेंच भागतें.

आतां पहिला टप्पा. बटण दाबल्याबरोबर विंडोज जागी होत नाहीं. तिच्याआधीं मुख्य पाटीवरील एक छोटी प्रणाली जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. स्मृति, कळफलक, पडदा व डिस्क जागेवर आहेत कीं नाहींत, हें ती हजेरी घेतल्याप्रमाणें पाहते. हें काम बहुधा कांहीं सेकंदांचें. येथेंच मिनिट लागत असेल, तर प्रथम संगणकाला लावून ठेवलेले पेनड्राइव्ह व बाहेरच्या डिस्क काढून पाहाव्या. कारण विंडोज त्यांच्यावर आहे काय, हें शोधण्यांतही वेळ जातो. संगणकाचें घड्याळ रोज मागें पडत असेल व तारीख भलत्याच सालची दिसत असेल, तर मुख्य पाटीवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असावी. तिच्यावरील २०३२ हा आंकडा म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३·२ मिलिमीटर जाडी. तिचा दाब ३ व्होल्ट. ती अल्प खर्चांत मिळते. पण ती बदलण्यापूर्वीं वीज पूर्ण तोडली पाहिजे, आणि लॅपटॉप असेल तर तें काम जाणकारावर सोंपविणें बरें.

दुसऱ्या टप्प्यांतील उशीर सर्वांत अधिक आढळतो आणि त्याचें कारण बहुधा डिस्कमध्यें असतें. जुन्या धर्तीच्या हार्ड डिस्कमध्यें चकत्या फिरत असतात व एक बारीक हात पुढेंमागें सरकून त्यांवरील मजकूर वाचतो. पुष्कळशा लॅपटॉपांतील चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हा वेग मोठा वाटतो. परंतु हव्या त्या जागीं पोहोंचावयास हाताला सरासरी १५ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आरंभाच्या वेळीं विंडोजला हजारों लहान तुकडे निरनिराळ्या जागांवरून गोळा करावे लागतात. असे ४,००० तुकडे धरले, तर नुसत्या शोधाशोधींतच ६० सेकंद जातात. उलट एसएसडी नांवाच्या डिस्कमध्यें फिरणारें कांहींच नसतें. तेथें एका शोधाला सुमारें एक दशांश मिलिसेकंद पुरतो, आणि तेच ४,००० तुकडे अर्ध्या सेकंदाच्या आंत सांपडतात. म्हणून हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविणें हा उपाय जुन्या संगणकाला जेवढा लागू पडतो, तेवढा दुसरा क्वचितच. आपल्या यंत्रांत कोणती डिस्क आहे हें पाहावयाचें असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो, आणि विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच्या ‘परफॉर्मन्स’ या भागांत डिस्कच्या नांवाखालीं तिची जात लिहिलेली असते.

याच टप्प्यावर सावधगिरीची खरी गरज आहे. डिस्कमधून टक्टक् असा आवाज येणें, कांहीं फाइली न उघडणें, संगणक मधूनच थिजणें, हीं चिन्हें ती मोडकळीस आल्याचीं असूं शकतात. अशा वेळीं गति वाढविण्याचे प्रयोग करीत बसणें म्हणजे घराला कीड लागली असतां भिंती रंगविण्यासारखें आहे. प्रथम छायाचित्रें, दाखले, हिशेब व मुलांचीं कागदपत्रें बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीं. महत्त्वाचें सामान ‘डी’ मध्यें आहे म्हणून तें सुरक्षित आहे, ही समजूत पुष्कळ घरांत आहे. परंतु ‘सी’ आणि ‘डी’ हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाट कोसळलें, तर दोन्ही कप्पे खालीं येतात.

डेस्कटॉप वेळेवर दिसतो, पण त्यानंतर बाण हलत नाहीं व फाइल उघडत नाहीं, तर दोष तिसऱ्या टप्प्यांत आहे. कोणताही नवा प्रोग्रॅम घरांत आला, कीं तो पुष्कळदां ‘रोज पहांटे मलाही उठवा’ अशी सोय स्वतःच करून ठेवतो. कधीं काळीं छापखान्यासाठीं घेतलेला, कधीं मोबाइल जोडण्यासाठीं घेतलेला, असे दहावीस जण एकदम उठले, म्हणजे मोरीपाशीं गर्दी व्हावयाचीच. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ या भागांत त्या सर्वांची यादी असते आणि कोणाचा भार किती, हेंही लिहिलेलें असतें. जे ओळखीचे असून रोज लागत नाहींत, त्यांच्यापुढें ‘डिसेबल’ करावें. त्यामुळें प्रोग्रॅम नाहींसा होत नाहीं. तो हांक मारल्यावरच उठतो, एवढाच फरक. ध्वनि, टचपॅड व विषाणुरोधक यांना मात्र हात लावूं नये. विषाणुरोधक दोन असतील, तर एकच ठेवावा. दोन पहारेकरी एकमेकांचीच झडती घेत बसतात. याच पानाच्या कोपऱ्यांत पुष्कळ यंत्रांवर ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आंकडा असतो. तो पहिल्या टप्प्याचा वेळ दाखवितो आणि घड्याळाच्या नोंदीशीं ताडून पाहतां येतो. यादी आटोपशीर करूनही यंत्र धांपा टाकीत असेल, तर स्मृति अपुरी असण्याचा संभव आहे. ४ जीबी स्मृतीवर आजचा ब्राउझर व विंडोज दाटीवाटीनें राहतात. उरलेला भार डिस्कवर पडतो आणि डिस्क संथ असली म्हणजे सारेंच संथ होतें.

याशिवाय दोन कारणें हवेची व विजेचीं आहेत. बुलढाणा शहर घाटावर असल्यानें तेथील उन्हाळा त्या मानानें सौम्य. परंतु घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव या पट्ट्यांत पारा ४० अंशांच्या पुढें जातो. त्यांत खामगांव ही कापसाची जुनी बाजारपेठ. कापसाचे बारीक तंतु व धूळ पंख्याच्या पात्यांत आणि त्यामागील धातूच्या जाळींत बसली, कीं आंतील ऊन वारा बाहेर पडत नाहीं व प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठीं गति कमी करतो. सकाळीं चपळ असणारा संगणक दुपारीं रेंगाळत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा आणि वीज तोडून पंखा साफ करवावा. दुसरी गोष्ट अचानक जाणाऱ्या विजेची. लिहितां लिहितां वीज गेली, म्हणजे पुढच्या आरंभीं विंडोज कधीं कधीं डिस्कची तपासणी हातीं घेते. ही तपासणी जुन्या डिस्कवर बराच वेळ चालते. ती चालू असतां कंटाळून बटण दाबून ठेवणें म्हणजे टांके घालीत असतां रोग्याला उठविणें होय. टेबलावरील संगणकाला यूपीएस असावा, आणि त्याची बॅटरी जिवंत आहे कीं नाहीं हेंही अधूनमधून पाहावें.

जुन्या यंत्राबाबत एक व्यवहार ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. विंडोजच्या १० व्या आवृत्तीचा नेहमींचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि ११ वी आवृत्ति सर्वच जुन्या संगणकांवर चालत नाहीं. तेव्हां नवी डिस्क किंवा स्मृति यांवर पैसे घालण्यापूर्वीं आपलें यंत्र ११ व्या आवृत्तीस पात्र आहे काय, हें विचारून घ्यावें. नसेल, तर त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवून पत्रव्यवहार, वाचन व अर्ज भरणें एवढीं कामें पुष्कळदां नीट होतात.

दुकानांत जाण्याची वेळ आलीच, तर ‘संगणक हळू झाला आहे’ एवढेंच सांगणारा गिऱ्हाईक दुरुस्तीवाल्याच्या हातीं कोरा कागद देतो. ‘खूण १० सेकंदांत येते, डेस्कटॉपला ४ मिनिटें लागतात, पुढें सर्व ठीक चालतें, आणि आंतील डिस्क जुनी फिरती आहे’ असें सांगणारा माणूस त्याचें निदान निम्मे सोपें करून देतो. त्याच्यासमोर ‘फॉरमॅट’ हा शब्द निघाला, तर तो कोणत्या टप्प्यासाठीं व कां, हें त्याला विचारतां येतें. आणि उत्तर कांहींही आलें, तरी कागदपत्रांची एक प्रत तोंवर घरच्या कपाटांत सुखरूप पोहोंचलेली असावी.