जीपगाडीवर विजेचा विंच सुरक्षितपणे कसा बसवावा?

वऱ्हाडातील काळी जमीन कापसाला मानवते. परंतु पावसाळ्यात तीच वाहनाची वाट अडविते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील चिकणमाती पाणी शोषून फुगते व चाके घट्ट धरून ठेवते. पांदणीत फसलेली जीप बैलजोडी किंवा ट्रॅक्टर येईपर्यंत जागची हलत नाही. बियाणे, खत, प्रसंगी आजारी माणूसही वाटेत अडकून पडतो. गाडीवर विंच असल्यास ही अडचण दूर होते. मात्र चुकीच्या रीतीने बसविलेला विंच जीवघेणा ठरतो.

विंच हा एक प्रकारचा रहाटच होय. गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर दंतचक्रांच्या साहाय्याने ड्रम फिरविते आणि त्यावर दोर गुंडाळला जाऊन गाडी ओढली जाते.

निवड : भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या किमान दीडपट ओढ असलेला विंच घ्यावा. भरलेली जीप २,००० किलोची असल्यास विंच ३,००० किलोंहून कमी ओढीचा नसावा. विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवरील पहिल्या थराची असते. थर वाढतात तशी ड्रमची जाडी वाढून ओढ घटते, हे ध्यानात ठेवावे.

जोडणी : विंच बंपरच्या पत्र्यावर कधीही बसवू नये. त्यासाठी बनविलेली जाड पोलादी बैठक चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने जोडावी व तिच्यावर विंच बसवावा. बोल्ट विंचसोबत आलेले किंवा त्याच प्रतीचे असावेत. बाजारातील साधे बोल्ट ताणाखाली तुटतात. पहिल्या वापरानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. रेडिएटरकडे जाणारी हवा अडणार नाही, हेही पाहावे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

वीज : पूर्ण भारावर मोठा विंच सुमारे ४०० अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे विंचसोबत आलेल्या जाड तांब्याच्या केबलच वापराव्यात व त्या थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात. काम सुरू करताना बॅटरीची ऋण जोडणी प्रथम सोडवावी व शेवटी जोडावी. केबल धारदार कडा आणि तापणारे भाग यांपासून दूर ठेवून रबरी नळीत घालावी. घासून उघडी पडलेली केबल गाडीस आग लावू शकते. बॅटरीजवळ वीज तोडणारा स्विच अवश्य बसवावा व काम नसताना तो बंद ठेवावा.

दोर : नवा दोर हलक्या ताणाखाली, थराला थर लावून गुंडाळावा. सैल गुंडाळलेला दोर ओढीच्या वेळी खालच्या थरांत रुततो. ओढताना तारेच्या दोराचे किमान पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. कारण दोराचे टोक धरणारा स्क्रू एकटा भार पेलू शकत नाही.

वापर : बाभूळ किंवा कडुनिंबाच्या मजबूत बुंध्याला रुंद पट्टा बांधून त्यात हूक अडकवावा, दोर झाडाभोवती गुंडाळू नये. ताणलेला दोर तुटल्यास चाबकासारखा उसळतो. म्हणून दोरावर मध्यभागी ओले गोणपाट टाकावे, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे व दोर कोणीही ओलांडू नये. हातात चामडी मोजे असावेत. इंजिन चालू ठेवून थोडे थोडे ओढावे व मोटरला थंड होऊ द्यावे. फार रुतलेल्या गाडीसाठी कप्पी लावावी. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग मात्र निम्मा होतो.

गाडीच्या विंचने विहिरीत माणूस कदापि उतरवू नये, गाळही काढू नये. तो आडव्या ओढीसाठी बनविलेला असतो. टांगलेला भार सुरक्षितपणे धरून ठेवण्याजोगा त्याचा ब्रेक नसतो.

निगा : खारपाण पट्ट्यातील विहिरींच्या खाऱ्या पाण्याने दोर धुऊ नये, तार लवकर गंजते. तो गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा गुंडाळावा. तार तुटलेला, पीळ पडलेला किंवा चेपलेला दोर तत्काळ बदलावा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील अशा गाड्यांचे बोल्ट, केबल व दोर मालकांकडून तपासून घ्यावेत. दोराच्या किमतीपेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.