सुताराच्या दारी दोन सकाळी

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. कालभैरवाच्या देवळामुळे आणि मेणाच्या साह्याने होणाऱ्या बातिक छपाईमुळे तिचे नाव दूरवर पोहोचले आहे. १८१० साली शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस गेली. तोवर तिचा मान उज्जैनला होता. आजही तेथे मराठी घरे आहेत. मार्च महिन्यात अशाच एका स्नेह्यांकडे गेलो असता आम्ही दोन सकाळी एका कारागिराच्या दारी बसलो. तो छिपा नव्हता, सुतार होता. आणि त्याचे घर बाभळीच्या वठलेल्या फांदीत होते.

हा मराठा सुतारपक्षी. १८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावात मराठ्यांचे नाव गोवले, ते आजतागायत टिकून आहे. साळुंकीहून लहान देह, पाठीवर काळीपांढरी नक्षी, पिवळसर कपाळ आणि पोटावर तांबडा डाग. नराच्या डोक्यावर मागील बाजूस लाल रंग असतो. मादीला तो नसतो.

वाचकहो, या कारागिराची हत्यारे पाहण्यासारखी आहेत. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे, म्हणून खोडाला घट्ट पकड. शेपटीची पिसे ताठ, म्हणून तिचा तिसऱ्या पायासारखा टेकू. चोच ही पटाशी, आणि लांब जीभ भोकातील अळी ओढून काढणारी. त्याची कवटी धक्के शोषून घेते असे आपण ऐकत आलो. परंतु बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच दाखविले. त्याचे डोके हातोड्यासारखे घट्टच असते. मेंदू लहान असल्यामुळेच तो सुखरूप राहतो.

आमच्याबरोबर स्नेह्यांचा मुलगा कॅमेरा घेऊन आला होता. पाठीशी कोवळे ऊन, लांब पल्ल्याचे भिंग, जवळ दुसरे घरटे करीत नाही असा शांत माळ. छायाचित्रास याहून अधिक काय हवे? ढोली फांदीच्या खालच्या अंगास होती. मादी चोचीत किडे घेऊन आली, पण आत शिरेना. शेजारच्या फांदीवर बसून ती सारखी ओरडू लागली. “आणखी दोनच पावले पुढे जाऊ या, काका,” मुलगा म्हणाला. आम्हांलाही मोह झाला. तेवढ्यात ढोलीतून पिलांची बारीक चिरचिर ऐकू आली, आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. आपण उभे आहोत तोवर ही लेकरे उपाशी आहेत! आम्ही मुकाट्याने तीस पावले मागे सरलो व झुडपाआड बसलो. थोड्याच वेळात मादी ढोलीत शिरली. त्या दिवशी छायाचित्र मिळाले नाही.

दुसऱ्या सकाळी दुरूनच एक चित्र साधले. थोडे अंधुक, पण खरे. इतक्यात शेताचे मालक कुऱ्हाड घेऊन आले. वठलेली फांदी सरपणासाठी तोडावयाची होती. मुलाने त्यांना कॅमेऱ्यातील चित्र दाखविले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, हसले, आणि पिले उडेपर्यंत फांदी राहू देईन असे सांगून कुऱ्हाड खांद्यावर टाकली. पुढे काय होईल ते आम्ही विचारले नाही. चूल त्यांनाही पेटवावयाची असते.

तथापि एक गोष्ट आमच्या शेतकरी बंधूंनी ध्यानी घ्यावी. सुतार सोडून गेलेल्या ढोलीत पुढे दयाळासारखे पक्षी संसार थाटतात. त्यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. आपल्याला जे वाळके लाकूड दिसते, ती कित्येकांची चाळ असते. म्हणून बांधावरील एखादी वठलेली फांदी, घरावर वा वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर, तशीच राहू द्यावी. आणि मुलांच्या हाती कॅमेरा दिलात, तर पहिला धडा मागे सरण्याचा द्यावा.